संगणकाच्या स्मृतीचा वेग कोण ठरवतो?

भायखळ्यातील एका शाळेच्या विज्ञानाच्या बाईंचा दोन वर्षांपूर्वी आम्हाला फोन आला. "सर, संगणक मंदावलेत एवढंच असतं तर तुम्हाला त्रास दिला नसता. पण आमच्याच एका माजी विद्यार्थ्यावर चोरीचा आळ आलाय. जरा येऊन बघाल का?"

हकिगत अशी होती. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेला बारा संगणक घेऊन दिले होते. त्यांची देखभाल याच शाळेतून शिकून गेलेला एक तरुण करीत असे. एका शनिवारी त्याने बाराही संगणकांच्या मदरबोर्डांचे फर्मवेअर अद्ययावत केले. सोमवारी बाई नववीच्या मुलांना 'स्टेलॅरियम'वर आकाश दाखवीत होत्या, तेव्हा एरवी संथपणे फिरणारे आकाश धक्के खाऊ लागले. कार्यालयातील एका गृहस्थांना संगणकाची थोडीफार माहिती. त्यांनी टास्क मॅनेजर उघडला, तर मेमरीच्या वेगापुढे आकडा दिसला २१३३. खरेदीच्या बिलावर मात्र स्वच्छ लिहिले होते ३२००. बाराही संगणकांवर तेच. प्रत्येक संगणकात दोन, म्हणजे एकूण चोवीस पट्ट्या. लॅमिंग्टन रोडचा बाजार भायखळ्याहून फार दूर नाही. चांगल्या पट्ट्या काढून तिकडे विकल्या आणि हलक्या बसवल्या, असा निष्कर्ष दुपारपर्यंत निघाला आणि मुख्याध्यापकांनी पत्राचा मसुदाही करून ठेवला.

आम्ही गेलो तेव्हा तो मुलगा संगणक कक्षाच्या दाराशी उभा होता. आत बसायला त्याला कोणी सांगितले नव्हते.

पहिल्या संगणकाची पेटी उघडली. पट्टीवरच्या लेबलावर ३२०० छापलेले होते. कार्यालयातील गृहस्थ म्हणाले, "लेबल काय, कुणीही चिकटवेल." त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. मुख्याध्यापकांनी विचारले, "मग हा २१३३ आकडा आला कुठून? पट्टी ३२०० ची असेल तर संगणकाने ३२०० दाखवायला हवे." या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्यामागे सत्तर वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचा एक महत्त्वाचा भाग मुंबईतच घडलेला आहे. त्या दिवशी आम्ही तो तुकड्यातुकड्यांनी सांगितला. येथे जरा सविस्तर सांगतो.

भायखळ्याच्या दक्षिणेला, शहराच्या पार टोकाशी, कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. १९४९ पासून काही वर्षे ही संस्था गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. तेथे रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींच्या एका गटाने संगणक बांधायला घेतला. यातल्या बहुतेकांनी त्यापूर्वी संगणक वापरलेला नव्हता. आधी एक छोटे प्रायोगिक यंत्र तयार झाले, ते १९५६ मध्ये चालू लागले. मग मोठे यंत्र बांधले गेले आणि १९६० मध्ये ते कामाला लागले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. स्मृती होती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. आजच्या हिशोबात ही स्मृती फक्त १० किलोबाइट भरते. शाळेच्या एका संगणकात १६ गिगाबाइट, म्हणजे टिफ्रॅकच्या जवळजवळ पावणेसतरा लाख पट!

टिफ्रॅकची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. अशी स्मृती अमेरिकेत एमआयटीच्या 'व्हर्लविंड' संगणकात १९५३ मध्ये प्रथम बसवली गेली. ही कडी तारांच्या जाळ्यात मण्यांसारखी ओवलेली असत. कड्याचे चुंबकत्व एका दिशेने असले तर ०, उलट दिशेने असले तर १. कड्यात काय आहे हे वाचायचे कसे? तर त्याला जबरदस्तीने ० करून पाहायचे. चुंबकत्व उलटले तर तारेत क्षणभर विद्युत्दाब निर्माण होतो, त्यावरून आधी १ होता हे कळते. म्हणजे वाचता वाचताच माहिती पुसली जाते! म्हणून वाचल्यावर लगेच ती पुन्हा लिहावी लागते. वाचणे आणि परत लिहिणे मिळून टिफ्रॅकच्या स्मृतीचे एक आवर्तन सुमारे १५ मायक्रोसेकंदांचे होते.

आता मुख्य मुद्दा. टिफ्रॅकच्या मुख्य भागाला ठोके देणारे एकच घड्याळ नव्हते. एक क्रिया पूर्ण झाली की 'झाले' असा संकेत पुढे जाई आणि मगच पुढची क्रिया सुरू होई. भायखळ्याच्या वाचकांना आगगाडीचे उदाहरण जवळचे वाटेल. पुढच्या स्टेशनाने 'लाइन क्लिअर' दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही, ही एक पद्धत. घड्याळात १० वाजून ४ मिनिटे झाली की गाडी सोडायची, मधला मार्ग तोवर मोकळा झालेला असणारच असे गृहीत धरायचे, ही दुसरी. टिफ्रॅक पहिल्या पद्धतीने चाले. या पद्धतीत स्मृतीचा वेग कोठेही 'भरावा' लागत नाही. स्मृतीला जितका वेळ लागेल तितका लागेल, बाकीचे यंत्र तिच्यासाठी थांबेल.

मग ही पद्धत मागे का पडली? प्रत्येक पायरीवर होकाराची वाट पाहायची तर त्यासाठी जादा तारा, जादा मंडले लागतात आणि निरोपाच्या जाण्यायेण्यातही वेळ जातो. सगळ्यांनी एकाच घड्याळाच्या ठोक्यावर काम करावे, हे स्वस्त आणि सुटसुटीत ठरले. पण ठोक्यावर काम करायचे म्हटले की लगेच प्रश्न उभा राहतो: स्मृतीकडे माहिती मागितल्यावर किती ठोक्यांनी ती उचलायची? फार लवकर उचलली तर चुकीची मिळेल, फार उशिरा उचलली तर वेळ वाया जाईल. आजच्या फर्मवेअरमध्ये जे आकडे आपण भरतो, ते सगळे याच एका प्रश्नाची उत्तरे आहेत.

दरम्यान स्मृतीचा पदार्थही बदलला. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये एका नव्या स्मृतिपेशीचे पेटंट मिळाले. एक ट्रान्झिस्टर आणि एक चिमुकला कपॅसिटर, बस्स. कपॅसिटरमध्ये विद्युत्भार असला तर १, नसला तर ०. इंटेलने १९७० मध्ये याच तत्त्वाची, एक ट्रान्झिस्टरऐवजी तीन ट्रान्झिस्टरांची पेशी असलेली १,०२४ बिटांची '११०३' ही चिप बाजारात आणली आणि फेराइटच्या कड्यांचे दिवस भरत आले. पण या कपॅसिटरांना गळती असते. भार हळूहळू झिरपून जातो. म्हणून डीडीआर४ पट्ट्यांतील प्रत्येक ओळ साधारण ६४ मिलिसेकंदांत एकदा वाचून पुन्हा भरावी लागते. पाढ्यांची उजळणी न घेतल्यास मुले विसरतात, तसेच हे! एका चिपमध्ये अशा उजळणीच्या ८,१९२ फेऱ्या धरल्या तर दर ७.८ मायक्रोसेकंदांनी एक फेरी घ्यावी लागते. संगणक चालू आहे तोवर ही उजळणी अखंड चाललेली असते.

या स्मृतीतून एक बिट मिळवायचा तर आधी ओळ उघडायची, मग त्या ओळीतला स्तंभ निवडायचा, काम झाल्यावर ओळ मिटून पुढच्या ओळीची तयारी करायची. प्रत्येक पायरीला ठरावीक वेळ लागतो. पट्टीच्या लेबलावर १६-१८-१८-३८ अशी जी आकड्यांची माळ असते, ती या पायऱ्यांना किती किती ठोके द्यायचे ते सांगते.

१९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात बोर्डावर चिमुकल्या खिट्ट्या असत. किती स्मृती बसवली आहे, हे त्या वरखाली करून यंत्राला सांगावे लागे. १९८४ च्या 'एटी' यंत्रात ही माहिती एका चिपमध्ये गेली. त्या चिपमध्ये घड्याळ आणि मिळून ६४ बाइट जागा होती आणि संगणक बंद असतानाही ती बॅटरीवर जिवंत राही. एटीचा प्रोसेसर स्मृतीपेक्षा थोडा घाईचा होता. त्यामुळे स्मृतीकडे जाताना प्रत्येक वेळी त्याला एक ठोका नुसते थांबायला लावले होते. याला 'वेट स्टेट' म्हणत. पुढे बाजारात असे बोर्ड आले की ज्यांच्यावर हा थांबा ठेवायचा की काढायचा हे ग्राहकाला ठरवता येई. आमच्या कॉलेजच्या दिवसांत, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, लॅमिंग्टन रोडवर दुकानाच्या पायरीवर बसून बोर्डावरचे जंपर चिमट्याने बदलणारी मुले आम्ही पाहिली आहेत. त्या जमातीत आम्हीही होतो. पट्टीवर ७० नॅनोसेकंद लिहिलेले असले तरी ६० ची समजून चालवून पाहायची. चालली तर दहा रुपयांचा वडापाव, नाही चालली तर जंपर परत जागेवर.

येथे गिरणगावातील एक उदाहरण द्यावेसे वाटते. ज्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेला आज आपण माटुंग्यात पाहतो, ती १८८७ मध्ये सुरू झाली ती भायखळ्याला आणि १९२३ पर्यंत येथेच होती. भोवतीच्या गिरण्यांना कापडविद्या जाणणारी माणसे हवी होती. गिरणीतला माग, म्हणजे तिकडच्या बोलीतला साचा, किती वेगाने चालवायचा हे एकट्या साच्यावर ठरत नाही. सूत कसे आहे, हवेत दमटपणा किती आहे, यावरही ते ठरते. चांगल्या सुतावर धोटा जलद पळवता येतो. हलक्या सुतावर तोच वेग ठेवला तर धागे तुटू लागतात. म्हणजे वेग हा साच्याचाही गुण नव्हे आणि सुताचाही नव्हे. दोघांचे जमेल असा तो ठरवून घ्यावा लागतो. स्मृतीचेही असेच आहे. फरक इतकाच की साच्यावर धागा तुटला की डोळ्यांना दिसतो. स्मृतीतला 'धागा' तुटला तर काहीच दिसत नाही. एखाद्या ० चा १ होतो आणि काम पुढे चालू राहते.

पहिल्या वैयक्तिक संगणकाच्या रचनाकारांना याची जाणीव होती. म्हणून त्यांनी प्रत्येक आठ बिटांमागे नववा बिट पडताळ्यासाठी ठेवला होता. ताळा जुळला नाही की यंत्र सरळ थांबत असे. नव्वदच्या दशकात किंमत कमी करण्याच्या चढाओढीत घरगुती संगणकांतून हा नववा बिट काढून टाकला गेला. आमच्या मते ती काटकसर चुकीची होती, पण आमचे मत कोणी विचारले नव्हते.

खिट्ट्या आणि जंपर यांतून सुटका व्हायची तर पट्टीने स्वतःची ओळख स्वतः सांगायला हवी. ७२ टाचण्यांच्या पट्ट्यांवर त्याची सुरुवात झाली. चार टाचण्या केवळ आकारमान आणि वेग सांगण्यासाठी राखलेल्या असत. चार टाचण्या म्हणजे फक्त सोळा शक्यता, त्या लवकरच अपुऱ्या पडल्या. पुढच्या, १६८ टाचण्यांच्या पट्ट्यांवर एक छोटी कायमस्वरूपी चिप आली. तिच्यात पट्टीचा सगळा दाखला लिहिलेला असतो: क्षमता किती, कोणत्या ठोक्याला किती विलंब, उत्पादक कोण, कोणत्या आठवड्यात बनली. या दाखल्याला 'एसपीडी' म्हणतात. संगणक सुरू होताना फर्मवेअर आधी हा दाखला वाचते आणि त्याप्रमाणे स्मृतीची मांडणी करते. १९९८ च्या सुमारास 'पीसी१००' पट्ट्या आल्या तेव्हापासून ही पद्धत रूढ झाली.

मात्र या दाखल्यात एक मेख आहे. त्यात जे वेग लिहायचे ते जेडेक या उद्योगसंघटनेने ठरवून दिलेल्या मानकांप्रमाणे. मानक म्हणजे सर्वांना झेपेल असे. निवडक, चांगल्या चिपांची पट्टी बनवणाऱ्याला आपला माल याहून जलद चालतो हे कोठे सांगायचे? २००७ मध्ये इंटेलने दाखल्यातील मोकळ्या जागेत आणखी एक पान जोडण्याची रीत काढली. तिचे नाव 'एक्सएमपी'. या पानावर जास्तीचा वेग, त्याला लागणारे विलंबाचे आकडे आणि जास्तीचा विद्युत्दाबही लिहिलेला असतो. डीडीआर४ पट्टीला मानकाप्रमाणे १.२ व्होल्ट लागतात, एक्सएमपीच्या पानावर बहुधा १.३५ लिहिलेले असतात. काही बोर्डांवर याच सोयीला वेगळी नावे आहेत, त्यावरून गोंधळ होतो.

हे दुसरे पान फर्मवेअर आपण होऊन वापरत नाही. वापरणाऱ्याने मेनूत जाऊन 'हे वापर' असे सांगावे लागते. न सांगितल्यास पहिल्या पानावरचा, सर्वांना झेपणारा वेग. शाळेच्या पट्ट्यांचा पहिल्या पानावरचा वेग होता २१३३ आणि दुसऱ्या पानावरचा ३२००.

आम्ही पट्टीचा दाखला वाचणारा एक छोटा प्रोग्रॅम चालवला आणि दोन्ही पाने पडद्यावर दाखवली. मुख्याध्यापक चष्मा सावरून बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "शुक्रवारी ३२०० होते आणि सोमवारी २१३३ झाले. मध्ये पट्ट्यांना कुणी हात लावला नाही म्हणता. मग बदललं काय?"

बदलले होते ते फर्मवेअर. आपण मेनूत केलेल्या निवडी कोठे तरी साठवलेल्या असतात. पूर्वी त्या बॅटरीवरच्या जागेत असत, आता त्यांतला बराच भाग फर्मवेअरच्या चिपमधल्याच राखीव जागेत असतो. तेथे 'वेग: ३२००' असे शब्दांत लिहिलेले नसते. अमुक क्रमांकाच्या जागेत अमुक संख्या, इतकेच असते आणि तिचा अर्थ फक्त फर्मवेअरला ठाऊक असतो. समजा, शाळेच्या प्रवेश अर्जाचा छापील नमुना बदलला. जुन्या नमुन्यात पाचव्या रकान्यात जन्मतारीख होती, नव्या नमुन्यात पाचव्या रकान्यात आईचे नाव आहे. जुने भरलेले अर्ज नव्या नमुन्याप्रमाणे वाचले तर काय गोंधळ होईल! तेथे संख्या चुकीच्या जागी वाचली गेली तर पट्टीला भलताच विद्युत्दाबही जाऊ शकतो. म्हणून अद्ययावत केल्यावर बहुतेक फर्मवेअर जुने अर्ज फाडून टाकतात आणि सगळ्या निवडी मूळपदावर आणतात. मूळपदावर म्हणजे पहिले पान. २१३३.

"म्हणजे ते विसरलं," बाई म्हणाल्या. एका परीने तसेच. दारात उभ्या असलेल्या मुलाला आम्ही आत बोलावले आणि विचारले, "अद्ययावत करण्यापूर्वी मेनूतल्या निवडींचा फोटो काढून ठेवला होतास का?" त्याने मान हलवली. नव्हता काढला. ही त्याची चूक खरी, पण ती चोरी नव्हे.

यानंतर त्यानेच खुर्चीत बसून पहिल्या संगणकाचा मेनू उघडला, एक्सएमपी निवडले आणि संगणक पुन्हा सुरू केला. पडदा काळा. दहा सेकंद, वीस सेकंद, तीस सेकंद. कोणी बोलेना.

हा काळा पडदा का, हेही सांगायला हवे. डीडीआर पट्ट्या ठोक्याच्या चढावर आणि उतारावर, अशा दोन्ही वेळी माहिती पाठवतात. त्यामुळे ३२०० हा आकडा ठोक्यांचा नाही, सेकंदाला ३२० कोटी पाठवण्यांचा आहे. ठोके त्याच्या निम्मे, १६०० मेगाहर्ट्झ. टास्क मॅनेजर बरीच वर्षे या आकड्यापुढे मेगाहर्ट्झ लिहीत आला, ते काटेकोरपणे बरोबर नव्हते. असो. एका पाठवणीला वेळ मिळतो ०.३१ नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाश निर्वातात ९.४ सेंटिमीटर जातो आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेषेतून संकेत जातो त्याच्या सुमारे निम्मे अंतर. म्हणजे प्रोसेसरपासून पट्टीपर्यंत एक बिट पोचण्यापूर्वीच त्याच्या मागून दुसरा निघालेला असतो. ६४ रेषांतल्या प्रत्येकीची लांबी, प्रत्येक सांध्याचा गुण किंचित वेगळा. तेव्हा फर्मवेअर सुरुवातीला ओळखीचे नमुने पाठवून पाहते आणि प्रत्येक रेषेसाठी माहिती उचलण्याचा क्षण थोडा थोडा मागेपुढे सरकवते. जुन्या रेडिओवर काटा फिरवताना आवाज कोठून स्पष्ट येऊ लागतो आणि कोठे पुन्हा खरखरतो ते पाहून आपण काटा मधोमध ठेवत असू, तसेच हे. या शोधाशोधीला 'मेमरी ट्रेनिंग' म्हणतात. त्याला वेळ लागतो आणि तेवढा वेळ पडदा काळा राहतो. काटा कसा फिरवायचा याचा तपशीलही फर्मवेअरमध्येच असतो, म्हणून आवृत्ती बदलली की एखादी पट्टी पूर्वीपेक्षा चांगली चालते, तर एखादी अडते.

पडदा उजळला. टास्क मॅनेजरमध्ये ३२००.

एकामागून एक अकरा संगणक झाले. बारावा मात्र तीनदा सुरू होऊन तीनदा बंद पडला आणि चौथ्या वेळी आपण होऊन २१३३ वर आला. कार्यालयातील गृहस्थांचा चेहरा उजळला. "एक तरी बदललीच आहे बघा!"

आता येथे इतिहास सांगून भागणार नव्हते. विज्ञानाच्या बाईंनीच मार्ग काढला. "पट्ट्या खराब असतील तर दुसऱ्या संगणकातही त्या अडल्या पाहिजेत. अदलाबदल करून पाहू या." बाराव्याच्या दोन्ही पट्ट्या पाचव्यात घातल्या, पाचव्याच्या बाराव्यात. पाचवा संगणक ३२०० वर निमूट चालू लागला. बारावा पाचव्याच्या पट्ट्यांवरही अडला. म्हणजे दोष पट्ट्यांचा नव्हता. प्रोसेसरमध्येच स्मृतीचा कारभार पाहणारा भाग असतो. या प्रोसेसरांच्या उत्पादकाने हमी दिली होती ती २९३३ पर्यंत. त्यापुढचे ३२०० हे अकरा संगणकांना झेपले, बाराव्याला नाही. त्यात फसवणूक कोणाचीच नव्हती.

पण मग जुन्या फर्मवेअरवर बारावा संगणक ३२०० वर कसा चालत होता? यावर बाई विचारात पडल्या. म्हणाल्या, "हाच तो संगणक, सर. मधूनच निळा पडदा येऊन बंद पडायचा. आम्ही व्हायरस समजत होतो." म्हणजे तो चालत होता की चालत असल्यासारखे दिसत होते, याची शंका घ्यायला जागा आहे. सहामाहीचे गुण याच संगणकावर भरले गेले होते. आम्ही सुचवले, ते एकदा उत्तरपत्रिकांशी ताडून पाहावेत. बाईंनी वहीत टिपून घेतले.

बाराव्याचा वेग मेनूतून २९३३ वर आणला. मग तपासणी. क्रिस ब्रॅडी यांनी १९९४ मध्ये लिहिलेला 'मेमटेस्ट८६' हा प्रोग्रॅम आणि त्याची भावंडे आजही यासाठी वापरतात. स्मृतीच्या प्रत्येक जागेत वेगवेगळे नमुने लिहायचे, परत वाचायचे, फरक पडला तर नोंदवायचा. बाराही संगणक रात्रभर या कामाला लावून आम्ही निघालो.

जाता जाता मुख्याध्यापकांनी विचारले, "इतका आटापिटा करून फायदा किती होतो?" रास्त प्रश्न. पत्रे टंकित करायला, गुणपत्रिका छापायला २१३३ पुरेसे आहे. तेथे फरक जाणवणारही नाही. या संगणकांत चित्रांसाठी वेगळे कार्ड नव्हते, चित्रे काढणारा भाग मुख्य स्मृतीच वापरत होता. म्हणून आकाश फिरवताना धक्के बसले. आणि वेग वाढला म्हणजे नेमके काय वाढले, हेही पाहण्यासारखे आहे. १९९८ ची पीसी१०० पट्टी सेकंदाला ८० कोटी बाइट देई. डीडीआर४-३२०० देते २,५६० कोटी, म्हणजे ३२ पट. पण उघडलेल्या ओळीतून पहिला बाइट हाती यायला लागणारा वेळ? पीसी१०० चा विलंब दोन ठोके, ठोका १० नॅनोसेकंदांचा: २० नॅनोसेकंद. डीडीआर-४०० ला तीन ठोके, ठोका ५ नॅनोसेकंदांचा: १५. डीडीआर३-१६०० ला अकरा ठोके: १३.७५. शाळेच्या पट्ट्यांना ३२०० वर सोळा ठोके: १०. तो वेळ जेमतेम निम्मा झाला! भायखळ्याहून ठाण्याला जाणाऱ्या फास्ट लोकलचे नऊ डबे होते त्यांचे बारा केले, गाड्याही वाढवल्या. तासाला कितीतरी जास्त माणसे पोचू लागली. पण एकट्या प्रवाशाला लागणारा वेळ जवळपास तेवढाच राहिला. टिफ्रॅकशी तुलना केली तरी हेच दिसते. साठ वर्षांत स्मृतीची क्षमता लाखो पटींनी वाढली. एका पूर्ण आवर्तनाचा वेळ १५ मायक्रोसेकंदांवरून साधारण ४५ नॅनोसेकंदांवर आला, म्हणजे सव्वातीनशे पट. हा वेळ आणखी कमी करणे का अवघड आहे, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. वरिष्ठ विद्यार्थ्यांनी त्या चिमुकल्या कपॅसिटरपासून आणि त्याला जोडलेल्या लांब तारेपासून विचार सुरू करावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला. बाराही संगणकांवर चुका शून्य. दुकानदाराच्या हमीपत्रावर चोवीस पट्ट्यांचे क्रमांक होते, तेही त्यांनी आणि कार्यालयातील गृहस्थांनी मिळून पेट्या उघडून जुळवून पाहिले होते. सगळे जुळले. मुख्याध्यापकांनी मसुद्याचा कागद फाईलमधून काढून घेतला आणि मुलाला चहा पाजला.

आता प्रत्येक पेटीच्या आतल्या बाजूला एक कार्ड चिकटवलेले आहे. त्यावर फर्मवेअरची आवृत्ती, मेनूतल्या निवडी आणि तारीख त्या मुलाच्या अक्षरात लिहिलेली आहे. बाराव्या कार्डावर २९३३ च्या खाली लाल शाईने एक रेघ आहे.